मावळतीच्या किनाऱ्यावरून उगवतीच्या किनाऱ्याकडे

भूमध्य समुद्राच्या उत्तर अंगास, जेथे आल्प्स पर्वताची शेवटची रांग अपेनाइन्स पर्वताला मिळते, तेथे इटलीचा लिगुरिया हा चिंचोळा प्रांत धनुष्यासारखा वाकून समुद्राला भिडलेला आहे. सपाट जमीन येथे जवळजवळ नाहीच. डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि दोन भूशिरांच्या मध्ये जेथे थोडी वाळू किंवा गोटे साचले, तेथे एकेक गाव वसले. धनुष्याच्या बरोबर मध्यावर जिनोआ हे जुने बंदर. त्याच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यास ‘पोनेन्ते’ म्हणतात आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यास ‘लेव्हान्ते’. पोनेन्ते म्हणजे मावळती, लेव्हान्ते म्हणजे उगवती. ज्या घरांत दिवसाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा सूर्याच्या उदयास्तावर बांधलेले असते, त्यांना ही दोन नावे ऐकूनच हा प्रदेश थोडा ओळखीचा वाटावा.

परदेशप्रवास व्यापारी कुटुंबांना नवा राहिलेला नाही. सहल कंपन्या बरोबर महाराज नेतात, बसमध्ये खाकरा फिरतो, संध्याकाळचे जेवण वेळेत मिळते. ही सोय मोठीच आहे. परंतु पन्नास आसनांची बस लिगुरियाच्या लहान गावांत शिरत नाही. ती एखाद्या प्रसिद्ध ठिकाणी दोन तास थांबते आणि पुढे निघते. म्हणून घरातील तरुण मंडळी स्वतः मोटार घेऊन फिरण्याचा बेत आखतात, आणि मग आजी म्हणतात, “तुम्ही जाऊन या.” त्या वाक्यामागे प्रवासाचा कंटाळा क्वचितच असतो. रात्रिभोजनत्यागाचा आयुष्यभर सांभाळलेला नियम परक्या देशात मोडेल आणि आपल्यामुळे मुलांची अडचण होईल, ही धास्ती त्यामागे असते. तेव्हा खरा प्रश्न कोणते गाव अधिक सुंदर, हा नाही. तीन पिढ्यांचे कुटुंब, ज्यात चौविहार करणारी एक तरी व्यक्ती आहे, ते या किनाऱ्यावर स्वतःच्या मोटारीने फिरू शकेल काय, हा प्रश्न आहे. फिरू शकेल. मात्र नियोजनाचा क्रम नेहमीचा नको. आधी महिना ठरवावा, मग अंतराची मर्यादा, मग स्वयंपाकघर. प्रेक्षणीय स्थळांची यादी सर्वांत शेवटी.

महिन्याचा विचार प्रथम अशासाठी की या अक्षांशावर ऋतूगणिक दिवसाची लांबी फार बदलते. जूनच्या मध्यास जिनोआत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, आधी पाणी सोडणाऱ्यासही सव्वाआठपर्यंत अवकाश राहतो. तेथील भोजनालये संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. म्हणजे बाहेर जेवण्याचा प्रसंग आला तरी नियम राखता येतो. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्त पावणेसातच्या आत होतो, तेव्हा भोजनालयाचे दार उघडण्याआधीच दिवस संपलेला असतो. दिवाळीच्या सुटीत भूमध्य किनाऱ्यावर जाण्याचे बेत म्हणूनच अशा कुटुंबांना अवघड जातात. मे महिन्याचा मध्य ते जूनचा मध्य हा काळ सर्व बाजूंनी जुळतो. अक्षय्यतृतीया होऊन गेलेली असते, मुलांना सुटी असते, आणि चातुर्मासाच्या प्रवासमर्यादा सुरू होण्यास अवधी असतो. जुलै-ऑगस्टमध्ये इटलीतील लोकच सुटीवर निघतात. १५ ऑगस्टच्या आसपास तर किनाऱ्यावर मोटार उभी करायला जागा मिळत नाही. आपल्याकडे पर्युषणाची तयारी चालू असण्याच्या सुमारास तिकडे सर्वाधिक गर्दी असते, हा योग चांगलाच म्हणावा. समुद्राचे पाणी मात्र मे महिन्यात बरेच थंड असते. मुलांना तेवढे आधी सांगून ठेवावे.

शेन्गेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याआधी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून फेब्रुवारीतच कागदपत्रे लावलेली बरी. किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याची अटही त्यात असते.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना किती दूर जायचे याची मर्यादा आधीच आखून घ्यायची आणि मग तिच्या आत राहायचे. या व्रताचा हेतू आत्मसंयमाचा आहे, सहलीचा नव्हे. तरीही मोटारप्रवासाची आखणी करणाऱ्याला त्याहून चांगला गुरू मिळणार नाही. नकाशावर फ्रान्समधील नीसपासून ला स्पेत्सियापर्यंतचा किनारा सुमारे ३०० किलोमीटरचा दिसतो आणि महामार्गाने तो एका सकाळीत संपतोही. पण तो महामार्ग म्हणजे बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. समुद्र दोन बोगद्यांमध्ये क्षणभर चमकतो आणि जातो. किनारा पाहायचा तर जुना ‘ऑरेलिया’ रस्ता धरावा लागतो. तो रोमहून निघून फ्रान्सच्या सीमेपर्यंत येतो, प्रत्येक गावातून जातो, प्रत्येक भूशिराला वळसा घालतो. या रस्त्यावर दिवसाला साठ किलोमीटरची मर्यादा घालावी. साठच. ती फार कमी वाटेल, पण संध्याकाळी सात वाजता चुलीवर भांडे चढवायचे असेल तर तीच योग्य आहे.

दुसरी मर्यादा देशाची. नीसमध्ये मोटार घेऊन इटलीत परत केली तर भाड्याहून जड असा जादा आकार पडतो. जिनोआत मोटार घ्यावी, पश्चिमेचा किनारा सात-आठ दिवसांत पाहावा, जिनोआतच ती परत करावी आणि पूर्वेचा किनारा रेल्वेने पाहावा. लेव्हान्तेच्या बाजूला मोटार ही सोय नसून लोढणे आहे. सेस्त्री लेव्हान्तेनंतर ऑरेलिया समुद्र सोडून ब्राक्को घाटात चढतो. मोनेल्याकडे जाणारा किनारी रस्ता जुन्या रेल्वेच्या एकेरी बोगद्यांतून जातो आणि तेथे ठराविक मिनिटांनीच एका बाजूची वाहने सोडतात. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत तर परक्या मोटारीला जवळपास मज्जावच आहे. रेल्वे मात्र या सर्व गावांत समुद्राच्या काठाकाठाने जाते.

गाडी चालवणाऱ्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. इटलीत भारतीय परवान्याबरोबर तो लागतो. रस्त्याची बाजू उलटी, त्यात हाताने गिअर बदलण्याची भर नको. स्वयंचलित गिअरची मोटार आधीच सांगून ठेवावी, कारण तेथे तशा मोटारी थोड्या असतात. तीन पिढ्यांच्या सामानासाठी मोठी गाडी घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. जुन्या गावांच्या गल्ल्या गाढवांच्या मापाने बांधलेल्या आहेत. शहरांच्या मध्यभागी ‘झेड-टी-एल’ अशी पाटी असलेले भाग असतात. तेथे परवानगीशिवाय शिरलेल्या गाडीचे छायाचित्र कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. निळ्या रेषांत पैसे भरून गाडी उभी करायची, पांढऱ्या रेषांत बहुधा फुकट, पिवळ्या रेषा इतरांसाठी राखीव. एवढे समजले की निम्मी चिंता मिटते.

आता स्वयंपाकघर. हॉटेलऐवजी स्वयंपाकघरासह घर भाड्याने घ्यावे आणि बारा दिवसांत तीनच मुक्काम करावेत: पहिला इम्पेरियाच्या आसपास, दुसरा नोली किंवा फिनाले येथे, तिसरा जिनोआत. त्या भांड्यांत पूर्वी काय शिजले असेल, हा विचार मनात येणारच. म्हणून एक लहान कुकर, तवा आणि पाणी गाळण्याचे कापड घरून न्यावे. पीठ, मूगडाळ, मसाले नेता येतात. दुधाचे पदार्थ मात्र प्रवाशाच्या सामानातून युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे, त्यात साजूक तूप आणि पेढे दोन्ही आले. तूप तेथे लोणी आणून कढवावे. तेथील लोणी उत्तम असते. मे-जूनच्या बाजारात मटार, फरसबी, कोवळे झुकिनी फुलासकट, जर्दाळू, चेरी, पीच यांची लयलूट असते. अंजीर उन्हाळा सरताना पिकतात. उदुंबर फळे वर्ज्य मानणाऱ्यांना त्यांचा मोह टाळण्याचे कष्टही पडत नाहीत.

लिगुरियाचे गरिबांचे खाणे कोणत्याही मराठी घरात चटकन ओळखले जाईल. ‘फारिनाता’ म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल यांचे पातळ मिश्रण तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेले. बेसनाचे धिरडे आणि ढोकळा यांच्या मधला काहीतरी प्रकार. ‘पानिस्सा’ तर पाटवडीची सख्खी बहीण: तेच पीठ शिजवून, थापून, वड्या पाडलेले. दोन्हींत सावधगिरी हवी. फारिनातावर कधी कांदा तर कधी बारीक मासे पसरतात. साधी मागावी आणि परात डोळ्यांनी पाहावी. तळलेला पानिस्सा ज्या कढईतून निघतो तिच्यातून मासेही निघतात, म्हणून तो घरीच करावा. येथला ‘पेस्तो’ जगप्रसिद्ध आहे, पण त्यात लसूण असते, त्यासोबतच्या शेवयांत बटाटा घालण्याची रीत आहे, आणि त्यात पडणारे पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातील रेनेटशिवाय बनतच नाही. तुळशीच्या जातीचा तो पाला, चिलगोजे, मीठ आणि तेल घरच्या खलबत्त्यात कुटले तर लसूण-चीज वगळूनही चटणी सुरेख होते. बाहेर जेवताना इटालियन भाषेत लिहिलेले एक कार्ड दाखवावे: मासे, मांस, अंडे, कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको. केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्याने हेतू पोचत नाही. खारवलेला अँचोव्ही मासा तेथे अनेकांच्या लेखी मसाल्यात मोडतो.

एवढी तयारी झाल्यावर रस्ता धरावा. इम्पेरिया हे गाव १९२३ साली ओनेल्या आणि पोर्तो मौरित्सियो ही दोन शेजारची गावे जोडून झाले. दोहोंचे स्वभाव अजून वेगळे आहेत. ओनेल्या तेलाचा व्यापार करणारे, पोर्तो मौरित्सियो टेकडीवर बसून समुद्राकडे पाहणारे. मागच्या डोंगरांवर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि त्यांवर ताज्जास्का जातीची ऑलिव्हची झाडे. बांधात चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. तेलाच्या व्यापारातल्या वाचकाने येथे एखाद्या घाण्यावर अर्धा दिवस काढावा. फळ बारीक, तेल गोडसर, आणि भाव विचारल्यावर घाणेवाला आधी चव देतो, मग भाव सांगतो. इम्पेरियाच्या पश्चिमेस सान लोरेन्सो गावापासून ओस्पेदालेत्तीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर २४ किलोमीटरचा सायकलरस्ता केला आहे. मुलांना सायकली मिळतात, आजोबांना समुद्राकाठचे बाक मिळतात, मोटारीला एक दिवस विश्रांती.

पूर्वेस दहाएक किलोमीटरवर चेर्वो आहे. घाईने फिरणारे ते टाळतात, आणि येथेच खरे तर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मोटार खाली सोडून दगडी पायऱ्यांनी चढले की गावाच्या माथ्यावर, समुद्राकडे तोंड करून, आत वळलेल्या दर्शनी भिंतीचे एक चर्च उभे राहते. १६८६ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. गावकरी त्याला ‘कोराल्लिनींचे’ चर्च म्हणतात. कोराल्लिनी म्हणजे पोवळे काढणारे. येथील पुरुष कोर्सिका आणि सार्डिनियाच्या समुद्रात नावा घेऊन जात, तांबडे पोवळे काढीत, आणि त्या कमाईतून ही इमारत उभी राहिली.

ते पोवळे कोठे जात असे? जिनोआ आणि लिव्होर्नो या बंदरांतून त्याचा मोठा भाग हिंदुस्थानकडे निघे. अठराव्या शतकात लिव्होर्नोच्या ज्यू पेढ्या पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत. गोव्यातील सारस्वत व्यापारी ते उतरवून घेत आणि बदल्यात हिरे पाठवीत. देणारा आणि घेणारा एकमेकांना आयुष्यात कधी भेटत नसत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये. माल पोचायला आणि मोबदला यायला वर्षे लागत, आणि तरीही व्यवहार उधारीवर चाले, कारण पत्रातला शब्द मोडला तर पुढचे पत्र येणार नाही हे दोघांना ठाऊक होते. मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर पोवळी ओवण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. त्या व्यापाराचे एक टोक चेर्वोसारख्या गावांच्या पायऱ्यांवर होते, दुसरे आपल्याकडच्या दागिन्यांच्या डब्यात. ‘जीवविचारा’त विद्रुमाची, म्हणजे पोवळ्याची, गणना पृथ्वीकायाच्या जीवांत केलेली आहे. युरोपात मात्र अठराव्या शतकापर्यंत पोवळे ही वनस्पती समजली जाई. मार्सेच्या पेसोनेल नावाच्या वैद्याने ते प्राण्यांचे काम असल्याचे दाखवले, तेव्हा विद्वानांनी आधी त्याला वेड्यात काढले. पोवळे जिवंत आहे एवढ्यापुरते दोन्ही मतांत अंतर उरत नाही. चर्चच्या ओट्यावर बसून नातवंडांना हे सांगायला आजीपेक्षा योग्य व्यक्ती कोण?

चेर्वोपासून नोलीपर्यंतचा रस्ता दोन दिवसांचा करावा. आल्बेंगाच्या विटांच्या बुरुजांत दुपार जाते. व्हारिगोत्तीची घरे सपाट धाब्यांची, उन्हात वाळलेल्या मातीच्या रंगाची. शेजारची ‘सारासेनांची खाडी’ सकाळी आठच्या आत पाहावी, नंतर तेथे पाय ठेवायला जागा नसते. पुढे रस्ता समुद्राच्या अगदी वर खडक फोडून काढलेला आहे आणि तो संपतो तेथे नोली. आज हे काही हजार वस्तीचे गाव. पण ११९२ पासून १७९७ पर्यंत ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते. सहाशे वर्षे! जिनोआशी सलोखा राखून, आपल्या ताकदीबाहेर पाऊल न टाकता टिकलेले. पेढी लहान ठेवून पिढ्यान्पिढ्या चालवणाऱ्या घरांना या गावाचा इतिहास अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. आणि एक गंमत: मावळतीच्या म्हणवल्या जाणाऱ्या या किनाऱ्यावर नोलीत सूर्य समुद्राच्या बाजूने उगवतो. सामायिक करणाऱ्याने पहाटेचा पुळण धरावा. त्या वेळी तेथे फारसे कोणी नसते.

जिनोआ अस्ताव्यस्त आहे, गोंगाटी आहे, बंदराजवळ थोडे मळकटही आहे, आणि व्यापाऱ्याने पाहावे असे त्याच्या तोडीचे शहर क्वचित सापडेल. बंदरासमोरचा सान जोर्जो वाडा १२६० सालचा. १४०७ मध्ये स्थापन झालेली सान जोर्जोची पेढी नंतर याच वाड्यातून चाले आणि राज्यालाच कर्ज देई. विमा करार म्हणून ओळखला जाणारा सर्वांत जुना कागदही जिनोआचाच, १३४७ चा. द्विनोंदी जमाखर्चाचे जुन्यात जुने पूर्ण नमुने म्हणून ज्या वह्या सांगितल्या जातात, त्या जिनोआ नगरीच्या १३४० सालच्या. त्यांत मिरीचे वेगळे खाते आहे. मिरी मलबारची, कित्येक हातांतून आलेली. नगरीने ती उधार घेतली आणि रोख पैशासाठी पडत्या भावाने विकली. खात्यात तोटा नोंदवला आहे. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. रोजमेळ आणि खतावणी जाणणाऱ्याला पावणेसातशे वर्षांपूर्वीचा तो हिशेब समजायला दुभाष्या लागू नये. संध्याकाळी शहराच्या पूर्व टोकाला बोक्कादास्से या इवल्या खाडीत जावे. रंगीत घरांच्या वेढ्यात गोट्यांचा लहानसा किनारा आणि त्यावर ओढून ठेवलेल्या नावा आहेत.

लेव्हान्तेची गावे जिनोआतून रोज जाऊन-येऊन पाहता येतात. ही सर्व गावे मासेमारीवर जगली, हे कुटुंबाने आधी समजून घ्यावे. धक्क्यावर जाळी वाळत असतात, सकाळी वास असतो. कामोलीत मेच्या दुसऱ्या रविवारी प्रचंड कढईत मासे तळण्याचा उत्सव होतो. त्या दिवशी दुसरीकडे जावे. एरवी कामोली प्रसन्न आहे. उंच घरांच्या भिंतींवर खिडक्या, कमानी, नक्षी सगळे रंगवलेले, आणि खरी खिडकी कोणती हे ओळखण्याचा खेळ मुलांना तासभर पुरतो. चिंक्वे तेर्रेला एक दिवस पुष्कळ झाला. कोर्निल्याच्या स्थानकापासून गावापर्यंत पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. वडीलधाऱ्यांनी मोन्तेरोस्सोला उतरावे, तेथे सपाट रस्ता आणि सावली दोन्ही आहेत. या डोंगरांवरचे दगडी बांध १९९७ पासून जागतिक वारशात आहेत.

सान फ्रुत्तुओसोला रस्ताच नाही. डोंगर उतरून पायी किंवा कामोलीहून नावेने. एका अरुंद खाडीच्या तळाशी जुना मठ, पुढे हातभर किनारा, मागे गर्द झाडी. नावेचे वेळापत्रक समुद्राच्या लहरीवर बदलते, म्हणून सकाळीच परतीची शेवटची फेरी विचारून ठेवावी आणि तिच्या आधीच्या फेरीने परतावे. पाचच्या नावेने कामोली, तेथून रेल्वेने पाऊण तासात जिनोआ. सातला कुकरची शिट्टी होते, आणि ताटे उचलून पाणी सोडून झाल्यावरही खिडकीबाहेर ऊन असते.